भोंग्यावर पुकारलेलं नाव

१५ जानेवारी २००३, परळी

गिरिजा, गुडघा कसा हाय? (बरा म्हणते. बरा नाही. जिना चढताना कठडा धरते.) लातूरला लेकीकडं सगळे खुशाल? नातवाचा खोकला गेला का? शेजारच्या मामींची साखर? म्हशीचा सुजलेला पाय? आणि विश्वनाथ, तू कसा आहेस?

लिहायला बसलं की हात आधी खुशालीच विचारतो. शाळा चौथीपर्यंत, तीही गळकी. पुढचं लिहिणं लोकांना त्यांची पोस्टकार्डं वाचून देता देता शिकलो, म्हणून स्वतःपाशी लिहितानाही पत्रच होतं. असो.

वि.ला जाऊन यंदा सहावं वर्ष. गुरुभाऊ माझा. एकाच स्वामींनी आम्हा दोघांना दीक्षा दिली. मंडप, खुर्च्या, लाऊडस्पीकरचं हे दुकान दोघांनी मिळून उघडलं. पाटीवर अजून दोघांची नावं आहेत. शटर ओढायला मी एकटा.

काल संक्रांत. आज सकाळी वरच्या खोलीतला महादेव तिळगूळ घ्यायला खाली आला. आष्टी तालुक्यात कडा गाव आहे, त्याच्याकडच्या वाडीचा, मेंढपाळाचा थोरला. लग्नाची शूटिंग करतो. माझा मंडप, त्याचा कॅमेरा, दोन्ही एकाच टेम्पोतून जातात. गि. म्हणते, आपल्या पोटचा नसला तरी ताटचा आहे.

तिळगूळ हातातच. म्हणाला, "अप्पा, गोडाऊन देता का दोन दिस? पिक्चर दाखवायचेत."
"घे की. कसले?"
तिळगूळ या हातातून त्या हातात. मग एका दमात, "बाप्याचा बाप्यावर जीव, बाईचा बाईवर, असले. औरंगाबादची पोरं गावोगाव महोत्सव करत फिरायलीत. बीड झालं, पुढं लातूर. मधी परळी." आणि मान खाली घालून, "मीबी त्यातलाच हाय अप्पा. खोली सोड म्हणालात तर सोडतो."
मी म्हटलं, "आधी तिळगूळ खा. हातात इरघळायलाय."
भिंतीवर वि.चा फोटो. महादेवनं त्याच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं.  

१९ जाने., रविवार

सुहास येऊन गेला. औरंगाबादचा, महोत्सवाचा कारभारी. काडीसारखा, चष्मा, सारखे हात जोडतो. गोडाऊन पाहून खूश. पडद्याला मंडपाचं पांढरं कापड काढलं, झटकलं तर थर्मल वीजकेंद्राची राख सगळ्यांच्या डोक्यावर. गि. म्हणाली, भस्म लागलं, आता कार्य सिद्धीस जाणार.

पोरांची अट एकच, बोभाटा नको. हँडबिल नाही, रिक्षा फिरवायची नाही. ज्याला सांगायचं त्याला तोंडी.
गि.: "कावून रे एवढं लपून? चोरी हाय का?"
महादेव: "चोरी न्हाई काकू. पर घर हाय. दोन भैनी दिल्यात, धाकटा दत्ता लग्नाचा हाय. दादाला, म्हंजी बापाला, कळलं तर मी त्यांना मेलो."
मी शब्द दिला. झाकली मूठ.

२४ जाने.

नगरपालिकेच्या शाळेचं झेंडावंदन परवा. दरसालप्रमाणे गोडाऊनच्या कडुनिंबावर भोंगा बांधला, वायर आत आवाजाच्या मशीनला जोडून ठेवली. परवा पहाटे धावपळ नको.

बाजारातून टोपी-टॉवेल आणले, नारळही. महादेवला सांगितलं नाही, त्याला आयत्या वेळी बघू दे. तोंडी निरोपावर कुठून कुठून माणसं येणार. त्यांना नुसतं सतरंजीवर बसवायचं? या जिल्ह्यात म्हशीच्या दवाखान्याच्या उद्घाटनालासुद्धा सत्कार होतो.

२५ जाने., शनिवार

आजचा दिवस सोन्याचा. डोळे मिटेनात, म्हणून लिहितोय.

पंचवीस-तीस जण आले. एक शाळामास्तर, दोन नर्सबाया, एक कंडक्टर वर्दीवरच, एक म्हातारे सोनार, काठी टेकत. सगळे भिंतीला धरून बसलेले. दार वाजलं की सगळ्यांच्या माना वळायच्या. मला बघवेना. माइक हातात घेतला.

म्हटलं, पाव्हणे मंडळी, आधी सत्कार. एकेकाला नाव, गाव विचारलं. कुणी नुसतं पहिलं नाव सांगितलं. गाव कुणीच सांगेना. थोडा रागच आला. गावाशिवाय माणूस म्हणजे खुंटा नसलेलं जनावर. मग महादेवला पुढं ओढलं. याचं तरी मला सगळं माहीत! म्हटलं, "कड्याकडच्या वाडीचे राजमान्य राजश्री सुखदेवदादा मेंढके यांचे थोरले चिरंजीव महादेव! बाप्याचा बाप्यावर जीव असतो हे ह्या गावात उघड बोलणारा पहिला मर्द!" टोपी घातली, टॉवेल दिला, नारळ दिला. सुहास मागून माझा सदरा ओढत होता. मला वाटलं, आटपा म्हणतोय. महादेवनं टॉवेल तोंडाला लावला. पोराचं ऊर भरून आलं, मला वाटलं. माझंही आलं.

मग पिक्चर. पहिल्यात दोन म्हाताऱ्या गच्चीवर पापड वाळत घालतात, भांडतात, एकमेकींच्या वेण्या घालतात, बस्स. नर्सबाया मुसमुसून रडल्या. दुसरा परदेशचा. महादेव पडद्याजवळ बसून प्रत्येक वाक्याचं मराठी करून सांगत होता. थंडीचा मुलूख, दोन माणसं, एक दुकान. संध्याकाळ झाली की एक शटर डावीकडून धरतो, दुसरा उजवीकडून. रोज. मग एक दिवस डावीकडचा नसतो.

वि. डावीकडून धरायचा.

बाहेर येऊन नळाखाली तोंड धुतलं. म्हातारे सोनारही तिथंच आले होते, तोंड धुवायला.  टॉवेल नवा होता, त्यांनी मला दिला.

२६ जाने.

भोंगा चालू होता.

झेंडावंदनाला गेलो, शिपाई हसत म्हणाला, "अप्पा, काल तुमच्या निंबावरून कसला सत्कार चाललता? सारी गल्ली उभी व्हती ऐकत. पहिला मर्द म्हणं!"  मशीन एकच, वायरी दोन. एक आतल्या बॉक्सची, एक निंबावरची. दुसरी मीच परवा जोडलेली. पस्तीस वर्षं हे काम करतो.

राष्ट्रगीत लागलं, उभा राहिलो. कानात माझाच आवाज.

दुसऱ्या दिवसाचे खेळ रद्द. सुहास पडदा गुंडाळून लातूरच्या गाडीनं गेला. जाताना हात जोडले. रागावला असता तर बरं झालं असतं.

महादेवही रागावला नाही. जिन्यावर बसला होता. "राखंचा ट्रक भरायला आलेला डायवर व्हता अप्पा, आमच्या शेजारच्या वाडीचा. समोर च्या पीत व्हता. माझं नाव ऐकून लई खूश झाला म्हणं, आपल्या गावचं पोरगं भोंग्यावर. मग पुढलं ऐकलं."
मी म्हटलं, "पोरा..."
"असू द्या. तुमी मान केला. मला कळतंय."

हेच तर. त्याला कळतंय.

२८ जाने.

सुखदेवदादा आले. खांद्यावर घोंगडं, बरोबर दोन भाऊ. दादा माझ्याच वयाचे. गि.नं पाण्याचा तांब्या पुढं केला, शिवले नाहीत.

"अप्पा तुमीच का?"
"मीच. बसा."
"बसाया न्हाई आलो. एक इचारतो. माझ्या पोराचा तुमी मान केला का पंचनामा?"
 म्हटलं, "दादा, पोरगं सोन्यावानी हाय."
"आसंल सोनं. आता बाजारात पितळ म्हणूनच जायचं. दोन लेकी दिल्यात मी. दोघींच्या सासऱ्यांचा निरोप आला. ऐकायचा का? भोंग्यावर सांगू?"

महादेव आपणच खाली आला. धाकट्या चुलत्यानं त्याचं मनगट धरलं, कळपातून कोकरू तंगडीला धरून काढतात तसं. न ओढता, न सोडता. मारलं कुणी नाही. वळून म्हणाला, "क्यामेरा वरच ऱ्हाऊ द्या अप्पा. येतो."

संध्याकाळी शटर ओढताना अर्ध्यावर अडकलं. तसंच ठेवलं.

५ फेब्रु.

त्यांच्या वाडीजवळच्या दुकानी फोन आहे. एसटीडीवरून तीनदा लावला. "न्हाई तो इथं." "कुठं गेला?" "देवाला." ठेवला.

सुहासला तिकडच्या ओळखीच्या कुणीतरी कळवलं. कुठल्याशा देवऋष्याकडं नेलं होतं. मिरच्यांची धुरी दिली. आवाज बसलाय म्हणे, बोलत नाही फारसा.

गि. जेवायला वाढते. अजून तीन ताटं मांडते, मग एक उचलते.

करायला गेलो मान आणि... पुढं लिहवत नाही.

१० फेब्रु.

दादा एकटेच आले आज. या वेळी बसले. पाणी प्यायले. मला वाटलं, निवळले.

"पोराचं लगीन काढलंय. तेवीसला. आमच्याच वाडीत. मंडप तुमचा, भोंगा तुमचा."
"माझा कशाला दादा? कड्यात चांगली मंडपवाली माणसं..."
"न्हाई. तुमचाच. ज्या तोंडानं पुकारलं त्याच तोंडानं पुकारायचं. नवरदेव म्हणून. तेवढ्याच मोठ्यानं. पंचक्रोशी ऐकंल आसं. मग फिटलं आपलं."

जाताना उंबऱ्यात थांबले. पाठ माझ्याकडं. "त्येची आय जेवत न्हाई. मला काय हौस हाय व्हय बे?" 'बे' तोंडातून निसटलं त्यांच्या. पहिल्यांदाच माणसासारखे बोललो आम्ही दोघं, आणि ते असं.

हो म्हटलं. नाही कोणत्या तोंडानं म्हणणार होतो?

१४ फेब्रु.

गि. दोन दिवस बोलत नव्हती. आज तांदूळ निवडताना, मान खाली घालूनच:

"पोरगी कोण हाय?"
"अलका. जामखेडकडची. बारावी झालेली."
"तिला कुणी इचारलं?"
"लग्नात पोरीला कोण इचारतं गिरिजा?"
"तेच म्हणते. मलाबी कुणी इचारलं न्हवतं."
तिनं सुपातले तांदूळ एकदा पाखडले.
"तुमी वाईट न्हवता. कधी हात उगारला न्हाई, कधी उपाशी ठिवलं न्हाई. देवावानी वागलात. पर इश्वनाथभावजी गेले तवा तुमी तेरा दिस अन्न शिवला न्हाईत. माझ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले, तवा तुमी दोन टाइम जेवत व्हता. मी काय आंधळी हाय?"
तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "अजून एक गिरिजा नका करू. एवढंच."

छत्तीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तेही आवाज न चढवता. मी उठून म्हशीला पाणी पाजायला गेलो. ती आधीच प्यायली होती.

२४ फेब्रु.

काल लग्न. आज लिहितोय. क्रमानं लिहितो, नाही तर सुटेल.

आदल्या दिवशी टेम्पोनं गेलो. मंडप उभा केला. भोंगे चार. दादांनीच जागा दाखवल्या, चारी दिशांना तोंडं.

महादेव हळदीनं पिवळा. गालफडं बसलेली. आवाज खरंच बसलेला. वायर धरायला म्हणून जवळ आला. चुलते लांब, पण नजर आमच्यावर.
"अप्पा."
"बोल."
"मारुतीच्या पाया पडाया गेलो की थोडा येळ माईक चालू ठिवा."
एवढंच. मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं वायरीला गाठ मारली, मी शिकवलेली, आणि गेला.

नवरदेव घोड्यावर मारुतीला निघाला. देऊळ वाडीच्या टोकाला, पुढं डांबरी रस्ता. वाजंत्री, पोरं नाचतायत, चुलते पुढं. मी व्यासपीठावर, माइक हातात. मंडपात अलका मामाजवळ बसलेली, मुंडावळ्या बांधलेली, हातातला रुमाल सारखा घडी करत.

मी सुरू केलं. म्हटलं, मुहूर्ताला अवकाश आहे, तोवर सत्कार. वरपक्षाचे मामा. वधूपक्षाचे मामा. दोन्हीकडचे पाटील. पोलीस पाटील. दूध सोसायटीचे चेअरमन. आत्याचे मालक. आत्याच्या मालकांचे थोरले बंधू. टोपी-टॉवेल संपले, नुसते नारळ. नारळ संपले, नुसतं कुंकू. नाव, बापाचं नाव, गाव, सगळं खणखणीत. चुलत्यांनाही मारुतीकडून बोलावून घेतलं, "नवरदेवाचे दोन्ही चुलते यांनी सत्कारासाठी मंडपात यावे, ही आग्रहाची विनंती!" मानाला माणूस नाही म्हणत नाही. आले. टोप्या घालून घेतल्या.

दादा व्यासपीठाखाली उभे. पहिल्यांदा खूश होते. मग माझ्या तोंडाकडं बघू लागले. बघतच राहिले. मी त्यांचाही सत्कार पुकारला. ते हलले नाहीत.

कुणीतरी धावत आलं. घोडा रिकामा. देवळामागं फेटा आणि मुंडावळ्या, नीट घडी करून ठेवलेल्या.

पुढलं कसं लिहू.

बायका रडायला लागल्या. वधूचा बाप खाली बसला, जमिनीवरच. मला वाटलं होतं, लग्न मोडेल. पोरगी घरी जाईल. बारावी झालीय, पुढं शिकेल. मोडलं नाही. दोन्हीकडचे जाणते मंडपामागं गेले आणि बिडी संपायच्या आत परत आले. हळदीची पोरगी तशी परत नेत नाहीत. दत्ताला उभा केला. धाकटा. नवे कपडे थोरल्याचे, बाह्या लांब. अलकाला कुणी विचारलं नाही.

दादा व्यासपीठावर चढले. माइक माझ्या तोंडाशी धरला. "पुकारा."
"दादा..."
"राजमान्य राजश्री सुखदेव मेंढके यांचे चिरंजीव दत्ता. म्हणा."

म्हटलं मी. चारी दिशांना गेलं.

अलकानं तेवढ्यात एकदा वर पाहिलं. माइककडं. गि.चा चेहरा आठवला, लग्नातला. मला तो आठवतो हेच आजवर माहीत नव्हतं.

जेवणं झाल्यावर चुलत्यांनी भोंगे उतरवले आणि दगडानं चेचले. चारी. दादांनी अडवलं नाही, सांगितलंही नाही. टेम्पोत बसताना आले. म्हणाले, "तुमाला ठाऊक व्हतं."
मी मान हलवली.
"जिता हाय का, तेवढं कळलं तर मला सांगा. त्येच्या आयला सांगाया." आणि गेले.

१ मार्च, महाशिवरात्र

वैजनाथाला ही लांब रांग. यात्रेची माइकची सगळी कामं दुसऱ्याला दिली. भोंगेही नाहीत आणि आवाजही नाही.

गर्दी टाळून स्मशानभूमीत वि.च्या समाधीवर बेल ठेवून आलो. राखेचा थर पुसला. म्हटलं, तू असतास तर निंबावरची वायर आधी काढली असतीस. तू मशीन बघायचास, मी बोलायचो. नुसता बोलणारा मागं राहिला.

सुहासला फोन केला. तो म्हणाला, आमच्याकडं आला नाही अप्पा. आम्हाला वाटलं, तुमच्याकडं असेल.

नगरच्या स्टँडवर एकानं पाहिला म्हणतात. दुसरा म्हणतो, तो नव्हे. आष्टीकडं एका विहिरीत कुणी सापडलं असंही उठलं. दादा स्वतः जाऊन बघून आले. दुसराच कुणी होता. वाडीजवळच्या फोनच्या दुकानी माझ्यासाठी निरोप ठेवला: "आपला न्हाई." आपला म्हणाले.

१७ मार्च, होळी

गिरिजा, गुडघा? (बरा म्हणते.) लातूरची मंडळी ठीक. मामींची साखर वाढलीय. म्हैस व्यायली. अलकाची खुशाली लेकीच्या ओळखीतून कळली. बरी आहे म्हणते. ते 'बरी' मला ओळखीचं आहे. गि. तिला भेटायला जायचं म्हणते, मला न घेता. जाऊ दे.

शटर आता गि. धरते. डावीकडून. गुडघा दुखतो तरी. मी नको म्हटलं तर म्हणाली, "मी कुणाची जागा घ्यायला न्हाई आले. जड हाय म्हणून धरतेय."

वरची खोली तशीच आहे. कॅमेऱ्यावर रोज राख बसते, रोज पुसतो. गोडाऊनच्या कोपऱ्यात त्या दिवशीचा पांढरा पडदा घडी करून ठेवलाय. दुसऱ्या मंडपाला लावला नाही. म्हातारे सोनार परवा येऊन गेले. विचारलं, पुन्हा पिक्चर कधी? म्हटलं, एक जण यायचा राहिलाय.

महादेव, तू कसा आहेस बाळा? घसा उघडला का? जेवतोस ना वेळेवर? निजायला जागा आहे? कुणी जिवाचं भेटलं का? तुझी आई आता थोडं थोडं खाते, असं दादांनी कळवलंय. मुद्दाम तुझ्यासाठीच कळवलं असणार, नाही तर मला कशाला?

पत्ता नाही म्हणून इथंच लिहितोय. तू मात्र पत्र टाक. लवकर टाक. नाव घालू नकोस, गाव घालू नकोस, मजकूरही नको. कोरं कार्ड आलं तरी मी ओळखीन. वाचून कुणाला दाखवणार नाही.